मालक कोण, हे बँकेच्या फाइलला विचारा

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. कंपनी बुडाली की तिच्या सगळ्या संचालकांना सरसकट आत टाका, त्यांची घरंदारं विका आणि लोकांचे पैसे द्या, असा त्यांचा सूर होता. आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं, मान डोलावली आणि पेपर माझ्यापुढे सरकवला. आत टाकायच्या माणसांपैकी एक जण समोरच बशीतून चहा पितो आहे, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

मी संचालक होतो. एका प्रायव्हेट लिमिटेड जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या मिलचा. कंपनीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण एक खटला अजून चालू आहे. अमळनेर-पारोळा-धरणगाव भागातल्या जुन्या लोकांना ते तसंही कळेल.

१९८४ साली मी तिथे कारकून म्हणून लागलो. प्रताप महाविद्यालयातून बी.कॉम. झालो होतो आणि नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठायची हिंमत नव्हती. पंचवीस वर्षं कापसाच्या आवक-जावकेचं रजिस्टर, काटा पट्ट्या म्हणजे वजनाच्या पावत्या, रुईच्या गाठींचा हिशेब, सरकीची विक्री आणि मजुरांचे हजेरीपट सांभाळले. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. २००९ च्या दिवाळीत शेठनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा धाकटा भाऊ वाटणी घेऊन सुरतला निघून गेला होता आणि प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात. शेठ म्हणाले, "भाऊसाहेब, आजपासून तुम्ही डायरेक्टर." पगारात पाचशे रुपयांची वाढ झाली आणि पेढ्यांचा एक बॉक्स मिळाला. त्या वाढीसह माझा पगार साडेचौदा हजार झाला.

आठ दिवसांनी गेटजवळच्या पत्र्याच्या पाटीवर पेंटरनं माझं नाव लिहिलं. कारखान्याचं नाव, परवाना क्रमांक, खाली 'भोगवटादार' आणि त्यापुढे मी. पिवळ्यावर काळी अक्षरं. आडनावातला एक काना पुसट आला होता, तो मी पेंटरला पाच रुपये देऊन पुन्हा गिरवून घेतला. रविवारी बायकोला स्कूटरवर बसवून पाटी दाखवायला नेलं. तिनं विचारलं, "भोगवटादार म्हणजे?" मी म्हणालो, "मालकच समज." त्या शब्दात भोग आहेत, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

हा शब्द कारखाने कायद्यातला आहे. कारखान्यावर ज्याचा अंतिम ताबा, तो भोगवटादार. भोपाळनंतर, १९८७ साली, या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कंपनीचा कारखाना असेल तर भोगवटादार म्हणून तिचा संचालकच धरायचा, असं ठरलं. मोठ्या कंपन्या आपल्या मॅनेजरचं नाव पुढे करू पाहत होत्या. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती वाट बंद केली. संचालकच हवा, पगारी माणूस चालणार नाही. हेतू चांगला होता. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या एका रात्रीत हजारो माणसं मेली आणि २०१० साली कंपनीच्या भारतीय अध्यक्षासह सात जणांना दोन-दोन वर्षं कैद आणि एकेक लाख दंड झाला. त्याच दिवशी जामीन. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे अध्यक्ष तर खटल्याला उभेच राहिले नाहीत. अशा देशात कायद्यानं 'संचालकच हवा' म्हणणं योग्यच होतं. शेठनी त्यावर उतारा शोधला. पगारी माणूस चालत नाही ना, मग पगारी माणसालाच संचालक करा.

डिसेंबर २०१२ मध्ये शेठनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' संचालकपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला घेतलं. म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळात आम्ही दोघे, एक हिशेबनीस आणि एक ड्रायव्हर. मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मीच टाईप करायचो, 'सविस्तर चर्चेनंतर एकमताने ठरले', आणि गाडी पुसत असलेल्या ड्रायव्हरची सही घेऊन यायचो. शेठ मात्र रोज अकराला त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत. भाव तेच फोडायचे, कुणाला चेक द्यायचा आणि कुणाला 'सोमवारी या' म्हणायचं, हेही तेच सांगायचे. फरक एवढाच की कागदावर ते आता कंपनीचे कुणीच नव्हते.

त्याच सुमारास सीएंच्या ऑफिसातून एक पत्र सहीसाठी आलं. कंपनीच्या कायदेशीर पूर्ततांसाठी मंडळानं मला जबाबदार ठरवलं आहे आणि त्याला माझी लेखी संमती आहे, असा त्याचा मजकूर. मी सही केली. आता नव्या कंपनी कायद्याचं पुस्तक माझ्याजवळ आहे. 'कसूरदार अधिकारी' कोण, याची व्याख्या कलम २ च्या ६० व्या उपकलमात आहे. ती सांगते की व्यवस्थापकीय संचालक वगैरे कुणी नसेल, तर मंडळानं नेमून दिलेला आणि तशी लेखी संमती दिलेला संचालक कसूरदार धरावा. म्हणजे दोष कुणाच्या नावावर टाकायचा, ते कंपनीनं आधीच ठरवून ठेवावं, अशी सोय कायद्यातच आहे. आमच्याकडे ती सोय माझ्या गळ्यात घातली गेली.

आणि डिजिटल सही. ती एका निळ्या पेनड्राइव्हमध्ये असते. माझ्या नावाची होती, पण ती मी हातात घेऊन पाहिली नाही. सीएंच्या कपाटात चाळीस-पन्नास अशा 'सह्या' एका ड्रॉवरमध्ये, प्रत्येकीला रबरबँडनं चिठ्ठी बांधलेली. जळगावला त्यांच्या ऑफिसात गेलो असताना ड्रॉवर उघडा होता म्हणून दिसलं. जिल्ह्यातल्या अर्ध्या कंपन्यांचे संचालक त्या ड्रॉवरमध्ये झोपलेले होते.

आता २०१३-१४ च्या हंगामाकडे येतो. पत्र लिहायला बसलो ते त्यासाठीच.

त्या हंगामात कंपनीनं खेडा खरेदी जोरात केली. गावोगाव काटे लावले, बाजारापेक्षा क्विंटलमागे शंभर-दीडशे जास्त भाव सांगितला आणि पैसे पंधरा दिवसांनी, महिन्यानं, चेकनं. शेतकऱ्याला भाव दिसतो. चेकमागचं खातं दिसत नाही. मला ते खातं दिसत होतं. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचल घ्यायचं कर्जखातं, काठोकाठ भरलेलं होतं, आधीच्या वर्षीच्या गाठींचे पैसे शेठच्या घरच्या दुसऱ्या फर्मकडे वळवलेले होते आणि जानेवारीत बँकेच्या साहेबांनी फोन करून सांगितलं होतं की आता एक रुपयाही वर सुटणार नाही. तो फोन मीच घेतला होता. त्यानंतर मी अकरा चेकवर सह्या केल्या. शेठ म्हणाले होते, "मार्चपर्यंत सगळं बसतं." बसणार नाही, हे मला कळत होतं. दरवर्षी बसत आलं, यंदाही बसेल, असं स्वतःला सांगत सह्या केल्या. म्हणून मी निर्दोष आहे असं या पत्रात कुठेही म्हणत नाही.

अकरातला एक चेक पारोळा तालुक्यातल्या एका आबांचा. एकतीस क्विंटल, भाव ४,८५०, रक्कम १,५०,३५० रुपये, तारीख २८ फेब्रुवारी २०१४. आबांना ३१ मार्चच्या आत सोसायटी, म्हणजे गावच्या सोसायटीचं पीककर्ज, भरायची होती. मुदतीत भरली तर पीककर्जाचं व्याज माफ आणि पुढच्या हंगामाला नवं कर्ज. चेक वटला नाही. सोसायटी थकली. जूनमध्ये आबांना बियाण्यासाठी सावकाराकडे जावं लागलं. दीड लाखाचा चेक परत आला की दीड लाखच बुडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी सोसायटी भरलेली नसावी.

आबा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मिलवर आले. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात घडी करून ठेवलेली काटा पट्टी, चेक आणि बँकेचा मेमो, तिन्ही कागद माझ्या टेबलावर पसरले. "भाऊसाहेब, मना पैसा कथा ग्यात?" (माझे पैसे कुठे गेले?) मी शेठच्या केबिनकडे बोट केलं. केबिनला कुलूप होतं. आबांनी चेकवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सही तं तुनी शे ना?"

त्या प्रश्नावर सगळा कायदा उभा आहे.

चेक न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, न दिल्यास महिनाभरात फौजदारी फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. चेक कंपनीचा असेल तर कंपनी आणि तिचा कारभार पाहणारे, दोघेही आरोपी. पण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की नुसतं संचालक असणं पुरेसं नाही. त्या माणसाच्या हाती त्या वेळी धंद्याचा कारभार होता, हे फिर्यादीत लिहावं लागतं. सही करणारा मात्र सहीमुळेच सापडतो. ज्यानं चेक द्यायला सांगितलं तो सव्वा वर्षापूर्वीच राजीनामा देऊन मोकळा. ज्यानं दिला तो आरोपी क्रमांक दोन. आरोपी क्रमांक एक कंपनी. तिला समन्स लागतं, पण बेडी लागत नाही.

अकरा खटले झाले. सात मी लोकअदालतीत मिटवले. त्यासाठी धुळे रोडचा प्लॉट विकला. तो घेताना बायकोनं तिची पाटली मोडली होती, तेव्हा प्लॉट कुणाचा होता हे तुम्हीच ठरवा. तीन शेतकऱ्यांनी माझी अवस्था पाहून अर्ध्यावर तडजोड केली. आबांचा खटला राहिला, कारण मला आता देण्यासारखं काही उरलेलं नाही आणि आबांना अर्ध्यावर सोडणं परवडत नाही. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. तारखेला आम्ही कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेतो. पैसे आबा देतात. एकदा मी खिशात हात घातला तर म्हणाले, "ठेव, त्या बी मनाच शेत." (तेही माझेच आहेत.)

मध्ये एक गंमतही झाली, तिला गंमतच म्हणतो. मजुरांच्या आणि माझ्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के दर महिन्याला कापले जात होते. शेवटचे नऊ महिने ते भरलेच गेले नाहीत. पगारपत्रक मीच करत होतो, त्यामुळे माझा निधी कापल्याची नोंदही माझ्याच अक्षरात. कापलेली रक्कम न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे, असं कायदा म्हणतो. पुढे निधी कार्यालयाची नोटीस आली ती मालक म्हणून मलाच. माझा फंड मीच बुडवला, असं त्या नोटिशीचं म्हणणं होतं. बायकोनं ती दोनदा वाचली आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिली. आजही तिथेच आहे.

आता बँकेचं पाहा. बँकेचं साडेचार कोटींचं येणं होतं. बँकेनं मला एक दिवसही त्रास दिला नाही. कारण कर्ज देताना तिनं माझी हमी मागितलीच नव्हती. माझ्या नावावर होतं काय? बँकेच्या फाइलमध्ये वैयक्तिक हमीपत्रं होती ती शेठची, त्यांच्या पत्नीची आणि मोठ्या मुलाची. मिलची जमीन गहाण, शिवाय शेठचा बंगला गहाण. डिसेंबर २०१२ मध्ये शेठनी राजीनामा दिला तेव्हा कंपनी निबंधकाच्या नोंदीतून त्यांचं नाव गेलं. बँकेनं हमी सोडली नाही. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला थेट ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, मिलचा ताबा घेतला, लिलाव केला आणि उरलेल्या रकमेसाठी शेठच्या मानेवर बसून एकरकमी तडजोड करून घेतली. बँकेला खरा मालक पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. निबंधकाला ठाऊक नव्हता, निधी कार्यालयाला नव्हता, कोर्टाला नव्हता. निदान तसं कागदावर होतं.

संपादक महोदय, मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आलं. कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती, तिचं देणं तिच्यापुरतं, हे तत्त्व बँका मानतच नाहीत. कर्ज देताना त्या मागच्या माणसाची सही आणि त्याचं घर दोन्ही घेतात. २०१९ मध्ये सरकारनं अधिसूचना काढून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांनाही दिवाळखोरी संहितेखाली आणलं आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. म्हणजे बँकेपुरती संचालकांची व्यक्तिगत जबाबदारी या देशात केव्हाच लागू आहे. ती नाही फक्त आबांपुरती आणि रोलरवर कापूस टाकणाऱ्या बाईपुरती. त्यांच्यासाठी कंपनी वेगळी आणि शेठ वेगळे.

बी.कॉम.ला आम्हाला लंडनच्या एका बूटवाल्याचा खटला शिकवला होता, सॉलोमनचा, १८९७ चा. त्यानं आपल्याच धंद्याची कंपनी केली, सात सभासद लागतात म्हणून बायको आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला, बाकी सगळे स्वतःकडे. कंपनी बुडाली, घेणेकरी मागे लागले, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं सांगितलं की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा. मला त्यात दहापैकी आठ मार्क पडले होते.

हे तत्त्व वाईट आहे असं मी अमळनेरचा माणूस कसं म्हणेन? इथेच १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, जिला आज जग विप्रो म्हणून ओळखतं. इथल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, कारकुनांनी तिचे थोडे थोडे शेअर घेतले. धंदा बुडाला तर शेअरचे पैसे जातील, घरावर जप्ती येणार नाही, हा भरवसा होता म्हणूनच घेतले. ज्यांनी ते जपून ठेवले, त्यांच्या नातवंडांचे बंगले तुम्हाला गावात दिसतील. (माझ्या वडिलांनी थोरल्या बहिणीच्या लग्नात विकले. त्यावर आमच्या घरात बोलायचं नाही, असा नियम आहे.) पण मर्यादित जबाबदारीचं ते छत्र शेअरधारकासाठी होतं. ज्याच्या हातात चावी नाही, त्याच्यासाठी. चावी ज्याच्या हातात आहे तोही त्याच छत्रीखाली येऊन उभा राहिला आणि पावसात उभं करायला त्यानं भाडोत्री माणसं आणली.

त्या वाचकांच्या पत्राशी माझं भांडण इथेच आहे. 'सगळ्या संचालकांना आत टाका' म्हटलं की पहिला ड्रायव्हर आत जाईल. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं तीन लाखांवर संचालकांना अपात्र ठरवलं, कारण त्यांच्या कंपन्यांनी तीन वर्षं हिशेब दाखल केले नव्हते. पाच वर्षं कुठल्याही कंपनीत संचालक होता येणार नाही. पेपरांनी 'मोठी कारवाई' म्हणून छापलं. त्या यादीत माझं नाव होतं, ड्रायव्हरचं होतं. शेठचं नव्हतं. ड्रायव्हरला आपण अपात्र झालो हे मी फोन करून कळवलं. ते तेव्हा धुळ्यात रिक्षा चालवत होते. म्हणाले, "भाऊसाहेब, म्हणजे आता लायसन जाईल का?"

धंदा करणाऱ्यांचीही एक बाजू आहे, ती मला मान्य आहे. २०११ च्या मार्चमध्ये कापूस आभाळाला भिडला आणि काही महिन्यांतच कोसळला. महाग घेतलेला कापूस गोदामात आणि गाठीला गिऱ्हाईक नाही, अशी पाळी तेव्हा आपल्याकडच्या कित्येक जिनिंगवाल्यांवर आली. त्यातल्या काहींनी बायकांचे दागिने मोडून शेतकऱ्यांचे पैसे दिले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नुकसान झालं म्हणून त्यांना गुन्हेगार ठरवणं हा अन्याय होईल आणि उद्या कुणी शहाणा माणूस धंद्यात पडणार नाही. तोटा हा गुन्हा नाही. खातं रिकामं आहे हे कळल्यानंतरही शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवणं हा गुन्हा आहे. आमच्या बाबतीत ती तारीख मी सांगू शकतो. बँकेच्या साहेबांचा फोन आला तो दिवस. त्याच्या आधीचं सगळं धंद्याच्या नशिबात जाऊ द्या. त्याच्या नंतरचा प्रत्येक चेक माणसाच्या नावावर लिहा.

हे मी काही नवीन काढत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ६६ मध्ये हीच रेघ ओढलेली आहे. दिवाळखोरी टळणार नाही हे संचालकाला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं आणि तरीही त्यानं घेणेकऱ्यांचं नुकसान कमी करायला हातपाय हलवले नाहीत, तर ते त्याच्या खिशातून भरून घेता येतं. पण तो अर्ज न्यायाधिकरणाकडे कंपनीवर नेमलेल्या व्यावसायिकानं करायचा असतो. आबांना तो करता येत नाही. मुळात आबांना त्या दारापर्यंत पोहोचताच येत नाही. मालाचे पैसे थकले म्हणून कंपनीविरुद्ध अर्ज करायची किमान थकबाकी आधी एक लाख होती, ती मार्च २०२० मध्ये एक कोटी झाली. एक कोटीचा कापूस पिकवणारा शेतकरी आपल्या जिल्ह्यात मला दाखवा, मी त्याच्या शेतावर कामाला जातो. आणि कंपनी विकून पैसे आलेच तर रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे दोन वर्षांचे पगार आणि तारण असलेली बँक बरोबरीनं, मग बाकी नोकर, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार. काटा पट्टीवाला त्यांच्याही मागे.

सावलीत बसून कंपनी हाकणाऱ्यालाही कायद्यात जागा आहे. ज्याच्या सूचनेनुसार मंडळ वागत आलं आहे तो माणूस, संचालक नसला तरी, कसूरदार धरता येतो. तेच उपकलम ६०. पण हे सिद्ध करायचं कुणी आणि कशावरून? शेठनी कधी कागदावर काही लिहून दिलं नाही. सगळं तोंडी, नाही तर फोनवर. मी कोर्टात सांगितलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, पुरावा? माझ्याजवळ पंचवीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांची आठवण होती. वह्या मिलच्या ताब्याबरोबर गेल्या.

म्हणून म्हणतो, पुरावा शोधत फिरू नका, तो बँकेत आहे. कंपनीच्या कर्जाला ज्यानं वैयक्तिक हमी दिली, तो त्या कंपनीचा मालक आहे, असं कायद्यानं गृहीत धरावं. नाही म्हणायचं असेल तर त्यानं सिद्ध करावं. आणि त्या हमीचा फायदा एकट्या बँकेला नको. उधारीवर शेतमाल घेणाऱ्या कंपनीच्या हमीदाराची हमी शेतकऱ्याच्या चेकलाही लागू व्हावी, मजुराच्या कापलेल्या फंडालाही व्हावी. आबांनी फिर्याद करताना आरोपीच्या रकान्यात हमीदाराचं नाव लिहिलं तर राजीनामा दाखवून त्याला बाहेर पडता येऊ नये. माझंही नाव तिथे असू द्या. मला जे माहीत होतं, त्याच्या मापानं मला शिक्षा व्हावी. फक्त माप दोघांना लावा.

सहकारात आपण हे निम्मं केलेलं आहे. कलम ८३ ची चौकशी आणि ८८ ची जबाबदारी निश्चिती, हे आकडे जळगाव जिल्ह्यात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतील, इतक्या पतसंस्था आपण बुडताना पाहिल्या. ८८ खाली संचालकाकडून नुकसान वसूल करता येतं. ठेवीदारांसाठी १९९९ चा कायदा आहे, त्यात संचालकाची मालमत्ता जप्त होते. कारवाईला वर्षं लागतात, अपिलं होतात, सगळं खरं. पण निदान तिथे ठेवीदाराला दार आहे. ज्यानं ठेव ठेवली तो ठेवीदार. ज्यानं कापूस ठेवला तो कोण? महिनाभर उधार दिलेला कापूस ही ठेवच नव्हे का, हे आपल्या आमदार-खासदारांपैकी कुणीतरी सभागृहात विचारावं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या तारखेला आबांबरोबर त्यांचा नातू आला होता. बारावीला आहे. टपरीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, गावात यंदा एका नव्या कंपनीचा काटा लागला आहे, भाव सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, वर सांगतात, पैसे तीन आठवड्यांनी. आबांच्या घरात चाळीस क्विंटल पडलेला आहे. मी त्याला म्हटलं, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाक, संचालकांची नावं फुकट दिसतात. बँकेचा बोजा आहे का, तेही दिसतं. शंभर रुपये भरले तर दाखल केलेले कागदही पाहायला मिळतात. पोरगं हुशार, चहा संपायच्या आत त्यानं काढून दिलं.

दोन संचालक होते. एक नाव मला अनोळखी. दुसरं वाचलं आणि मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ धरला. शेठच्या घरी सध्या जो पोरगा गाडी चालवतो, त्याचं. त्याच्या लग्नाला मी गेलो होतो, म्हणून पूर्ण नाव माहीत.

आबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा केला. "हाऊ कोन शे?"

मी सांगितलं.

कापूस अजून आबांच्या ओसरीवरच आहे. सीसीआयला नंबर लावला आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
अमळनेर, जि. जळगाव

(नाव, पत्ता आणि खटल्याचा क्रमांक सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये.)